फकरोद्दीन मिस्त्रींचे कान

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. सकाळी थंडी होती, स्वेटर उन्हात टाकले. बँकेत हयातीचा दाखला दिला. परतताना सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये असूनही इंजिन रेस होत राहिले. पाय पायडलवर नव्हता, खात्री केली. उद्या फकरोद्दीन मिस्त्रींकडे.

संध्याबाईंनी रोजनिशीची वही मिटली. त्यांची गाडी जुन्या जालन्यातल्या मिस्त्रींच्या गॅरेजात अठ्ठावीस वर्षे जात होती. आधी यजमान नेत. ते गेल्यापासून सहा वर्षे त्या स्वतः नेत.

मिस्त्री चौदाव्या वर्षी हैदराबादला एका उस्तादाकडे काम शिकले. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून गाडीचे दुखणे सांगायचे, ही त्यांची रीत. परतूर-घनसावंगीचे जीपवाले त्या कानासाठी येत.

गेली दोन वर्षे मात्र गाडी सुरू झाली की मागच्या घरातून त्यांची बायको रहिमुन्निसा येई आणि तांदळाचे ताट मांडीवर घेऊन स्टुलावर बसे. मधूनच ती नवऱ्याचा खांदा हलवून काही सांगे. संध्याबाईंना वाटे, म्हातारपणी एकमेकांवाचून करमत नसेल. ते पाहून त्यांना बरे वाटे आणि यजमान आठवतही.

बुधवारी स्टूल रिकामे होते.

"रहिमुन्निसा कुठे?" त्यांनी दोनदा विचारले. दुसऱ्यांदा मिस्त्रींनी वर पाहिले.

"परतूरला. साजियाला मुलगी झाली. चाळीस दिवस तिकडंच."

"म्हणजे आजोबा झालात."

"पाचव्यांदा. आता मिठाई मागू नका बाई, तुम्हाला शुगर हाय."

त्यांनी बॉनेट उघडून गाडी सुरू केली. ॲक्सिलरेटरची केबल ओढून सोडली. ती कुठे अडकत नव्हती. मग इंजिनचा वेग कमी-जास्त करणारा रेसचा स्क्रू मागे फिरवला. इंजिन थोडे उतरले, पण ओरडतच राहिले. आणखी फिरवला. शेवटी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून त्यांनी डोळे मिटले.

दोन हातांवर उभ्या असलेल्या संध्याबाईंना सू-सू असा बारीक आवाज स्पष्ट येत होता. कुकरचे रबर सैल झाले की येतो, तसा.

"कार्बोरेटर काढावं लागंल," मिस्त्री म्हणाले. "दोन दिवस ठेवा गाडी."

"तो सू-सू आवाज कसला?"

ते वळले नाहीत. संध्याबाईंनी तेच पुन्हा, मोठ्याने विचारले. तरीही नाही. त्यांची नजर रिकाम्या स्टुलाकडे गेली, आणि दोन वर्षे आपण काय पाहत होतो ते त्यांना कळले.

गप्प राहावे, गाडी ठेवून घरी जावे, असे एकदा मनात आले. मग त्या पुढे झाल्या आणि इंजिनला जोडलेल्या एका रबरी पाइपवर त्यांनी बोट दाखवले.

मिस्त्रींनी पाइप चाचपला. खालच्या बाजूने चिरला होता. तिथून इंजिन हवा ओढत होते. त्यांनी पक्कडीने पाइप दाबला. मागे फिरवलेल्या स्क्रूमुळे आता हवा कमी पडली आणि इंजिन सरळ खाली येऊन बंद पडले.

"तुम्हाला ऐकू आलं?"

"हो."

"एवढ्या लांबून?"

"हो."

ते स्टुलावर बसले. "मला न्हाई आलं."

"कानाला मशीन लावून पाहिलंत का?"

"लावलं. सगळंच ओरडतं त्यात. इंजिन वेगळं निघत न्हाई." हातातली पक्कड ते उगाच पुसत राहिले. "दोन वर्षांमागं घनसावंगीच्या अंगदची जीप आल्ती. चाक वाजतं म्हणे. मी म्हणलो, बिलकुल न्हाई वाजत, बिनधास्त जा. चालत्या गाडीत चाक जाम झालं, बाई. हात मोडला त्याचा. तवापासून ती बसती इथं. अंगद अजून माझ्याकडंच येतो. त्याला वाटतं त्याचं नशीब."

संध्याबाईंनी विचारले, "मग आज गॅरेज कशाला उघडलंत?"

"बंदच होतं. तुमची गाडी दिसली. तुम्हाला न्हाई कसं म्हणू?"

त्यांनी पाइपचा नवा तुकडा कापून बसवला, क्लिपा आवळल्या, गाडी सुरू केली. मग स्क्रूवर हात ठेवून म्हणाले, "कुठं थांबू, तुम्ही सांगा."

स्क्रू हळूहळू पुढे फिरू लागला. मिस्त्रींचे डोळे संध्याबाईंच्या हातावर होते. इंजिन नेहमीसारखे वाजू लागले तेव्हा बाईंनी हात वर केला.

"कोणाला सांगू नका, बाई."

"नाही सांगणार. पण चाकाला, ब्रेकला आता हात लावायचा नाही. शब्द द्या."

"एका कामाला हात लावायचा, दुसऱ्याला न्हाई, असं गॅरेज चालतं का?" ते जरासे हसले. "अंगदला फोन करतो, दुसरीकडं जा म्हणून. मंग बाकीच्यांना. रहिमुन्निसाला तिकडंच राहू द्या आता. किती दिवस तांदूळ निवडंल?"

संध्याबाईंनी गाडी रस्त्यावर काढली. मागे शटर खाली आले, तेव्हा दुपारचे साडेबारासुद्धा वाजले नव्हते.

संध्याकाळी त्यांनी वही उघडली. साठ वर्षांत त्यांनी घडलेले लिहायचे कधी टाळले नव्हते. 'गाडी दुरुस्त झाली' एवढे लिहून हात थांबला. मग खाली लिहिले: गॅस सायंकाळी संपला, दुसरे सिलिंडर लावले.