आत्याचा घसा

माझी आत्या पाणी प्यायची ते बघण्यासारखं असायचं. तांब्या हातभर वर धरायचा, मान मागे टाकून आ करायचा आणि मध्ये एकदाही न थांबता तो रिकामा करायचा. भांड्याला ओठ लागायचा नाही की पदरावर थेंब सांडायचा नाही. आम्ही भावंडं तिला तांब्याआत्याच म्हणायचो. सुट्टीत तिच्या गावी, निमगाव सावाला गेलो की तिला तहान कधी लागते याची वाट बघत ओट्यावर बसायचो. "आरं, तमाशा हाय का माझा?" असं म्हणायची आणि आमच्यासाठी दुसरा तांब्या उचलायची.

तिची दुसरी ख्याती घोरण्याची. अंगानं वाळकी, पण घोरणं असं की पत्रे हादरावेत. लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूनं चारचौघींत विचारलं, "घरात रेडा बांधलाय का काय?" आत्यानं वाकळ उचलली आणि मेंढरांच्या शेडमध्ये नेऊन टाकली, ती कायमची. पुढे मेंढरं कमी होत आठ-दहावर आली, बिबट्याच्या धास्तीनं शेडला जाळी बसली, सासूही गेली, पण वाकळ काही घरात आली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "मेंढरं बोलून दाखवत न्हाईत."

त्यामुळे ती कुणाच्याच घरी मुक्कामाला राहिली नाही. लग्न असो, बारसं असो, पहिल्या एस्टीनं यायचं, पोळ्या लाटायच्या आणि शेवटच्या एस्टीनं परत जायचं. तिची एकुलती एक लेक मनीषा खोडदला दिली, त्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणींच्या शेजारी. तिथंही तेच. "तिथं आभाळातलं बारीक ऐकायचं मशिन हाय. मी झोपले तर त्यांना वाटंल, आभाळच फाटलं!" यावर सगळे पोट धरून हसायचे. मनी हसायची नाही. आई आपल्या घरी एक रात्र राहत नाही, हे तिच्या मनाला फार लागलेलं होतं.

दिवसा मात्र आत्या कुठेही पेंगायची. कांदे निवडता निवडता, बोलता बोलता, एस्टीच्या दांड्याला धरून उभ्याउभ्यासुद्धा. कामानं दमते बिचारी, असं आम्ही समजायचो. मग तिला ठसके लागायला लागले. आधी पाण्याचे, मग ताकाचे, शेवटी चहाचेसुद्धा. प्रत्येक ठसक्याला छातीवर थापट्या मारत ती म्हणायची, "मनी आठवण काढती." अख्ख्या आळीला ते पटायचं. आणि मनी आठवण काढतच होती. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. सासू नाही, थोरला पहिलीत. "आई, या वेळी महिनाभर ये," असं दर फोनला सांगायची. आत्या म्हणायची, "बघू," आणि फोन ठेवून शेडकडे निघून जायची.

एकदा नारायणगावला माझ्याकडे जेवायला आली होती. नेहमीसारखा तांब्या वर धरला आणि असा ठसका लागला की पाणी नाकातून आलं, डोळे पांढरे झाले. ठसका ओसरल्यावर मी तिला स्कूटरवर मागे बसवलं आणि तडक घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटभर तिची कुरकुर चालू होती, "ठसक्याला डाक्टर? मग उचकीला वकील लावशील!"

बाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घातली, हिरवं केलेलं पाणी प्यायला दिलं आणि पडद्यावर दाखवलं. गिळायची क्रिया सुरू होण्याआधीच पाणी खाली घसरत होतं. बाईंनी विचारलं, "आजी, घोरता का हो?" आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच चहाडी केली होती. मी तर तोंडही उघडलं नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. आत्याचा खालचा जबडा लहान आणि मागे, जीभ मात्र ऐसपैस. झोपेत जीभ आणि पडजिभेकडचा मऊ भाग मागे पडतो, श्वासाची वाट बंद होते, माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो आणि पुन्हा झोपतो. असं रात्रभर. वर्षानुवर्षं घोरण्याचे हादरे बसून घसा बधिर होऊ शकतो, मग पाणी आलेलं त्याला वेळेवर कळत नाही. त्यात मान मागे टाकून वरून ओतलं, तर ते श्वासनलिकेकडे जायला कितीसा वेळ!

"जीभ मोठी हे सासू पयल्यापासून म्हनत व्हती," आत्या म्हणाली. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "म्हंजे पाट एकच, वाफे दोन. एक वाऱ्याचा, एक पाण्याचा. आन् दारं धरणारं मानूस पेंगतंय." बाई शहरातल्या. शेतात पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवतात त्याला दारं धरणं म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. आता सगळ्या पेशंटना असंच सांगणार म्हणाल्या.

मग बोटाला चिमटा लावून झोपेची तपासणी झाली आणि झोपेत नळीतून हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मास्कचं मशिन घरी आलं. पेल्यातून, लहान घोट, हनुवटी खाली, असा पाण्याचा नियम झाला. त्यावर मात्र आत्या दोन दिवस रुसली. "सासरी कधी मान खाली घालून पानी प्याले न्हाई, आता पिते!" मशिनवर तिचा राग नव्हता. "लेण्याद्रीच्या गणपतीला लई हात जोडले, त्यानं आपली सोंडच दिली," म्हणत ती नळी कौतुकानं पुसायची. शेडमध्ये वीज ओढून घेतली. पहिल्या सकाळी तिचा फोन आला, "मेंढरं बिचकली ना पोरी. एवढं गपगार कसं, म्हनून सारखी उठून बघत व्हती म्हनं." हे तिला कुणी सांगितलं, मेंढरांनी का, ते मी विचारलं नाही.

महिन्या-दीड महिन्यात पेंगणं गेलं, ठसके विरळ झाले. मनीला मुलगी झाली. दवाखान्यातून ती घरी आली त्या दिवशी आत्यानं मेंढरं पुतण्याच्या हवाली केली, मशिनची पिशवी पोटाशी धरली आणि माझ्या स्कूटरवरून खोडदला आली. उंबऱ्यातच तिनं सांगून टाकलं, "एक रात बघू. न्हाई जमलं तर उद्या पयली गाडी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मनीचा फोन. ती रडत होती. "काय झालं गं?"

"काही नाही गं. आई अजून उठली नाही. मी बाळाला घेऊन दारातच बसलेय तिच्याकडे बघत. बसून पेंगताना हजारदा बघितलं तिला, पण अशी आडवी, निवांत झोपलेली आई मी जन्मात बघितली नव्हती गं."

"मग उठवू नकोस तिला," मी म्हणाले.

"उठवतेय कशाला! थोरल्याची शाळासुद्धा बुडवलीय आज. दप्तराच्या चेनचा आवाज होतो ना."