मोठ्या अक्षरांचा प्लेअर

शाळेच्या बसमधली पोरं त्यांना हळूकाका म्हणायची, कारण चौदा वर्षांत त्यांनी गाडी कधी दामटली नव्हती. पालकांचा तर त्यांच्यावर भारी भरवसा. डोळ्यांत तेल घालून मुलांना नेणारा माणूस, असं मुख्याध्यापिकाबाई भर सभेत म्हणाल्या, तेव्हा हळूकाकांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजले.

लाजले कसले! गेल्या थंडीपासून त्यांना लांबचं दिसत नव्हतं, जवळचंही पुसट होत चाललं होतं. पाट्यांवरची अक्षरं विरघळून जायची, माणसं आवाजावरून ओळखावी लागायची. रस्ता पाठ होता म्हणून निभावत होतं. शाळेत ड्रायव्हरांची नजर तपासली, तेव्हा हे गृहस्थ मुद्दाम रांगेत शेवटी उभे राहिले आणि पुढचे सातजण तक्त्यावरची अक्षरं वाचत असताना ती पाठ करून मोकळे झाले. पास!

मग परवा गुरुवारी रस्त्याच्या कडेला पोतं पडलंय असं वाटून त्यांनी बस खेटून काढली, आणि ते पोतं ओरडत उठून उभं राहिलं. बुटाची नाडी बांधायला वाकलेला एक म्हातारा होता. वीतभर अंतराने वाचला. तेव्हापासून हळूकाकांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तरी तोंड उघडायची छाती होईना. बस गेली तर आपण कोण, हा प्रश्न रोज समोर यायचा आणि ते रोज त्याला चुकवून निघून जायचे.

नेमकं अशा वेळी लेकीने हे खूळ काढलं. पलीकडच्याच गल्लीत राहायची ती. घरच्या जुन्या टीव्हीवर बाबांना सिनेमे, गाणी बघता यावीत म्हणून ओळखीच्या दुकानातून तिने साबणाच्या वडीएवढे दोन प्लेअर आणले होते. एक काळा, एक पांढरा. दोन्ही लावून बघा आणि रविवारी सहाच्या आत एक परत करा, असं दुकानदाराने बजावलं होतं. काळा चटपटीत, पण पडद्यावर नुसती बारकी बारकी चित्रं आणि त्यांखाली मुंगीएवढी अक्षरं. पांढरा जरा मंद, पण एका वेळी पाचच नावं दाखवणारा, तीही दुकानाच्या पाटीसारखी ठसठशीत.

हळूकाकांना पांढरा हवा होता. पण तो मागितला की 'का' म्हणून विचारणार, आणि त्या 'का'चीच त्यांना धास्ती होती. म्हणून शनिवारी घरात कोणी नसताना त्यांनी टीव्हीला नाक लावून काळ्याचा अभ्यास केला. खाली दोनदा, उजवीकडे चारदा, मधलं बटण: जुनी गाणी. गाणी न लावताच वीस वेळा घोकलं. जुनाच धंदा, दुसरं काय!

रविवारी पाच वाजता सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. बायको शेंगा सोलत होती. लेकीची मुलगी, आजोबांच्याच बसने शाळेत जाणारी पाच वर्षांची चिमणी, आत झोपली होती.

"बाबा, काळा की पांढरा?"

"काळा. पांढरा म्हाताऱ्यांना बरा."

"मग लावून दाखवा. जुनी गाणी."

रिमोट घामाने ओला झाला होता. खाली दोनदा. उजवीकडे चारदा. मधलं बटण. पडद्यावर काहीतरी हललं. "ही घे तुझी गाणी!" ते ऐटीत म्हणाले.

टीव्हीतून एक बाई सांगू लागली की भिंतीला गिलावा करण्याआधी ती नीट भिजवून घ्यावी.

शेंगांचा आवाज थांबला.

"अहो बाबा, चिमणीने सकाळी कार्टून लावलं होतं," लेक हसत सुटली. "शेवटचं बघितलेलं हा प्लेअर पुढे आणतो, बाकीचं एक घर सरकतं. तुम्ही काय पाठ केलं होतं की काय?"

"पाठ कसलं? घाईत बटण चुकलं," तेही हसले.

वेळ मारून नेली. लेकीला शंकासुद्धा आली नाही. ती पांढऱ्याची वायर गुंडाळू लागली, आणि गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "बरं, उद्यापासून चिमणी तुमच्या शेजारी पुढच्या सीटवर बसणार आहे. आजोबा रस्ता कसा बघतात ते तिला बघायचंय."

हळूकाकांचं हसू तोंडावरच राहिलं. ते वाकलेलं पोतं पुन्हा समोर उभं राहिलं.

"तो पांढरा ठेव," ते म्हणाले.

"आता का?"

आला तो 'का'. हळूकाकांनी रिमोट खाली ठेवला. "मला दिसत नाही गं. अक्षरं नाहीत, माणसंही नाहीत. गुरुवारी एकजण मरता मरता वाचला."

"तरीच पेपर नुसता उलटत बसायचात," बायको पुटपुटली, आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

लेकीचा चेहरा त्यांना दिसला नाही. आवाज मात्र ऐकू आला. "कधीपासून?"

"थंडीपासून."

"म्हणजे इतके महिने ती तुमच्या बसमध्ये..." ती उठली आणि आत चिमणीजवळ गेली.

हळूकाकांना भयंकर लाज वाटली. पण गुरुवारपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं, हेही खरं. त्यांनी फोन उचलला. बसच्या साहेबांचा नंबर मात्र इमानदारीने पाठ होता.

"साहेब, उद्या दुसरा ड्रायव्हर बघा. नाही, आजारी नाही. नजर गेली आहे माझी. तपासणीत मी तुम्हाला फसवलं."

मग साहेबांनी एवढंच विचारलं, "मुलं सगळी सुखरूप आहेत ना?"

फोन ठेवला तेव्हा लेक दारात उभी होती. तिने पांढऱ्याची वायर पुन्हा सोडली, टीव्हीला जोडली आणि काळा प्लेअर खोक्यात घातला. त्यांच्याकडे बघितलंही नाही. पायात चपला सरकवून ती उंबऱ्याशी थांबली.

"सकाळी नऊला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. स्कूटर मी चालवणार," ती म्हणाली. "तुम्ही मागे बसायचं."