पायाळूची लाथ

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं माफ करावं. चौथीतल्या गुरुजींनी एकदा माझी पाटी वर धरून सगळ्या वर्गाला दाखवली होती. "बघा रे, हिचं अक्षर हिच्या पायासारखंच हाय. आत वळतंय!" पाचवीची शाळा केडगावला, वस्तीवरून लांब चालत जावं लागायचं. मागून पोरं "उलट्या पायाची, उलट्या पायाची" करत यायची. मला शिकायचंच नाही, असं मी घरी सांगितलं. खरं कारण कुणाला कळू दिलं नाही.

लग्न होऊन शिरूरला आले. साडी टाचेच्या खाली सोडायची आणि भिंतीच्या कडेनं चालायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं. मुलगी झाली ती पायाळू. म्हणजे आधी पाय आले, मग डोकं. आमच्याकडं म्हणतात, पायाळूची लाथ लागली की कंबरेत भरलेली उसण जाते. ती चालायला लागली तशा चाळीतल्या बायका दारात येऊन ओणव्या व्हायच्या. आमच्या घरमालकीण काकू तर सारख्याच.

"या डॉक्टरीणबाई, कंबर धरलीया. हाना एक!"

पोरगी खुशीत लाथ हाणायची आणि स्वतःच पडायची, कारण तिचीही पावलं आत वळलेली. मग सगळ्या हसायच्या. मी तिला उचलायचे, पण मान काही वर करायचे नाही.

सासूबाई म्हणायच्या, "आईवर गेलीया. सुंभ जळंल, पर पीळ जायचा न्हाई."

ते ऐकवेना म्हणून मी काकूंकडून पैसे उसने घेतले आणि पुण्याहून लोखंडी पट्ट्यांचे बूट आणवले. पोरीच्या पायाला फोड आले. पावलं होती तशीच राहिली. कुणी विचारलं तर मी मात्र "फरक हाय" म्हणायचे.

ती सहा वर्षांची असताना माहेरी गेले होते. दौंडला बाहेरून हाडाचे डॉक्टर येतात असं कळलं, म्हणून तिला घेऊन गेले. त्यांनी आधी बूट काढायला लावले. तिला चालवलं, मग पोटावर झोपवून गुडघे वाकवले आणि पोटऱ्या बाहेरच्या बाजूला सोडून दिल्या. त्या पार टेबलाला टेकल्या. दुसऱ्या बाजूला जेमतेम हलल्या.

"हिला उभी करा. गुडघ्याच्या वाट्या बघा, एकमेकींकडं बघतायत," डॉक्टर म्हणाले. "पीळ मांडीच्या हाडात आहे. पाऊल सरळच आहे. पावलाला बूट घालून मांडीचा पीळ कसा जाईल?" मग त्यांनी विचारलं, "पायाळू होती का ही?"

मला वाटलं, लाथेची गोष्ट यांच्या कानावर गेली. आता हसतील, अडाणी म्हणतील. मी म्हटलं, "न्हाई."

"बरं. आई, आता तुम्ही चालून दाखवा. साडी जरा गुडघ्यापर्यंत धरा."

चालायचं ते बाहेरच्या पडवीत, आणि तिथं बाकांवर माणसं बसली होती. नवऱ्यानंही दिवसाउजेडी माझे पाय कधी नीट बघितले नव्हते. मी चालले. एका बाईनं शेजारणीला कोपर मारलेलं मला दिसलं.

"तुमचाही तोच पीळ," ते म्हणाले. "तुमचा आता जाणार नाही, पण चालताय ना? मग राहू दे. मुलांचा पुष्कळसा पीळ दहा वर्षांपर्यंत आपोआप सुटतो. फारच राहिला, पडणं थांबलं नाही, तर मोठी झाल्यावर हाड कापून, फिरवून बसवता येतं. आत्ता काही करायचं नाही. बूट टाकून द्या."

शिरूरला परतले, पण ते "न्हाई" डोक्यातून जाईना. डॉक्टर उगाच कशाला विचारतील? पुढच्या आठवड्यात पुन्हा दौंड गाठलं.

"साहेब, पायाळूच हाय ती."

ते हसले नाहीत. रागावले. "मग लपवलं का? पायाळू पोरांचा खुबा कधी कधी जागेवर नसतो. म्हणून विचारतो आम्ही."

खुब्यांचा एक्स-रे फोटो काढला. तो हातात येईपर्यंत मी बाकावर बसून होते. माझ्या लाजेपायी पोर लंगडी झाली असती तर, एवढंच मनात येत होतं. खुबे नीट निघाले. मी तिथंच रडले, आणि रडले याचीही लाज वाटली.

घरी आल्यावर काकूंना खरं सांगितलं. "काकू, बूट फुकट गेले."

"गेले तर गेले. पैशाचं राहू दे. पोरगी अशीच लाथा हाणंल, फिटत्याल त्यात."

"नको," मी म्हटलं. चाळीत मी कुणाला नको म्हणाले ते पहिल्यांदाच. "पैसं मी दीन. लाथ तिच्या मनात असंल तवा मारंल."

कांद्याच्या वखारीत कांदा निवडायला जाऊ लागले. जमेल तसे पैसे देत राहिले.

शेवटचे पैसे द्यायचे तेव्हा पोरगी पाचवीत होती. तिच्याच हाती दिले आणि मी दारात उभी राहिले. अंगणात बायका शेवया करत बसल्या होत्या. ही भिंतीच्या कडेनं जाईल असं मला वाटलं. ती गुडघ्याएवढ्या फ्रॉकात सरळ मधून गेली.

"अजून आतच पडतंय की गं पाऊल!" एक म्हणाली.

"उजवं थोडं पडतंय. डावं सुधारलं," ती म्हणाली. "आईची तर दोन्ही पडत्यात."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. माझा हात साडी खाली ओढायला गेला, पण ती आधीच खाली होती.

काकूंनी नोटा मोजल्या, कंबरेच्या पिशवीत घातल्या आणि तिथूनच मला हाक मारून म्हणाल्या, "फिटले गं सगळे."