दोघींत एक याडी

पारुबाईचं कुणी नाव काढलं की सखुबाईच्या पोटात दुखायचं. आणि साखऱ्याजवळच्या त्या तांड्यावर पारुबाईचं नाव घेतल्याशिवाय कुणाचा दिवस मावळत नव्हता. म्हणजे बाईचं पोट कायमचंच दुखरं.

दोघी रतनसिंग राठोडच्या बायका. पारुबाई थोरली. पोटी मूल होईना, तेव्हा ती स्वतःच औंढ्याकडच्या एका तांड्यावर गेली आणि नवऱ्यासाठी सखूला मागणी घालून आली. अशी मोठ्या मनाची बाई सवत म्हणून मिळणं ही काय कमी शिक्षा आहे? भांडकुदळ असती तर सखुबाई तिला पुरून उरली असती. पण भांडायला समोरचा माणूसही थोडा वाईट असावा लागतो.

बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सूर लावून रडते. त्या माणसानं आपल्यासाठी काय काय केलं, ते त्या रडण्यात सांगते. त्याला ढावलो म्हणतात. सखुबाईच्या नशिबी तोही आला नाही. दुसरेपणावर दिलेल्या पोरीचा कसला ढावलो आणि कसली वरात! नवी साडी नेसवली, एसटीत बसवली, की झालं लग्न. ही गोष्ट तिनं जन्मभर मनात ठेवली.

पुढं विकास झाला, त्याच्या पाठीवर संगिता झाली. दोन्ही सखुबाईच्या पोटची. पण दोघंही पारुबाईला म्हणायची ‘याडी’, म्हणजे आई. आणि जन्म देणारीला म्हणायची ‘काकी’. आता यात लेकरांचा काय दोष? खरं सांगायचं तर हे दुखणं सखुबाईनंच हौसेनं ओढवून घेतलं होतं.

त्याचं असं झालं. दिवाळी आटोपली की तांड्यावरची माणसं ऊस तोडायला कोल्हापूरकडे जायची. कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते. कुणी जायचं ते ठरत होतं, तेव्हा पारुबाई म्हणाली, “सखे, तू तरणी हायेस. तू जा धन्यासंगं. लेकरं मी पाहते, सासूबी पाहते.”

सखुबाईला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पार उन्हाळा लागेपर्यंत नवरा एकटीचा! थोरलीच्या वाट्याला काय, तर रडकी पोरं आणि अंथरुणावरची सासू. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती अशी ऐटीत चढली, जणू पारुबाईचं सगळं राज्य तिनं लुटून नेलं होतं.

उन्हाळ्यात परत आली तर संगिता तिला पाहून पारुबाईच्या फेटियाच्या घेरदार घागऱ्यामागं लपली. सखुबाईनं हात पुढं केला, पोरीनं भोकाड पसरलं. “अगं, काकी हाय ती,” पारुबाई म्हणाली. शेजारच्या बायका लेकरांना सखूबद्दल म्हणायच्या तेच तिच्या तोंडून निघालं, पण तो शब्द घरात कायमचा बसला. दरवर्षी ट्रॉली यायची, दरवर्षी सखुबाई जायची. आपण मागं राहावं तर पारुबाई नवऱ्यासोबत जाईल, ही धास्ती. आणि इकडं लेकरं पारुबाईच्या हाताखाली वाढत राहिली. तिनं सासूचं शेवटपर्यंत केलं. पहाटे उठून भाकरी बांधून विकासला सेनगावच्या शाळेत धाडलं. तांड्यावरच्या पोरींना ढावलोही तीच शिकवायची, तिचा गळाच तसा होता. कुणाचंही लग्न ठरलं की पोरगी पारुबाईच्या ओट्यावर येऊन बसायची.

सत्त्याण्णव साली संगिताचं लग्न ठरलं. सखुबाईनं मनाशी गाठ मारली, की माझी पोर माझ्या गळ्यात पडून, सगळ्या तांड्यादेखत मला याडी म्हणून रडली पाहिजे. बस्स. मग तिनं काय करावं? पोरीला उचललं आणि सिद्धेश्वरच्या धरणाजवळ आपल्या मावशीकडं नेलं, ढावलो शिकायला. घरात पारुबाई असताना! तांड्यावर बायकांनी तोंडाला पदर लावले.

पारुबाई एवढंच म्हणाली, “शिकू द्या. तिकडचा सूरबी बराबर असतो.”

सखुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिडायलासुद्धा येत नाही मेलीला!

निरोपाच्या दिवशी सखुबाई सगळ्यात पुढं उभी राहिली. संगिता आली, तिच्या गळ्यात पडली, मावशीनं शिकवलेल्या सुरात ‘याडी’ म्हणून तिनं हंबरडा फोडला. सखुबाईचा ऊर भरून आला. सुरुवात झकास झाली. पण ढावलो नुसत्या हाकेवर संपत नाही. याडीनं काय केलं ते सांगावं लागतं, आणि ते कुणी शिकवत नाही. ते ज्याचं त्यालाच आठवावं लागतं. संगिताला आठवत गेलं. याडी, गोवर आला तेव्हा तू मला मांडीवरून खाली ठेवलं नाहीस. याडी, पायात काटा मोडला तेव्हा तू मला खांद्यावर बसवून शाळेत नेलंस. याडी, माझ्या केसांतल्या जटा तू तेल लावून लावून सोडवल्यास.

यातलं एकही सखुबाईनं केलेलं नव्हतं. ती तेव्हा ऊस तोडत होती. सगळ्या तांड्याला ते ठाऊक होतं, आणि मान खाली घालून जो तो ऐकत होता. पोरीच्या ध्यानातही आलं नाही. शेवटी ती पारुबाईकडं गेली तेव्हा तिच्याजवळ शब्दच उरले नव्हते, नुसते हुंदके होते.

“गळा सखीचा न् ढावलो पारूचा,” मागं कुणी म्हातारी पुटपुटली. सखुबाईनं ते ऐकलं. त्या दिवसापासून तिनं पारुबाईशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढल्या वर्षी रतनसिंग गेला. विकास हिंगोलीत जीप चालवायला लागला. त्यानं खोली घेतली आणि याडीला न्यायला आला. पारुबाई गेली नाही. “सखी एकटी राहील,” म्हणाली. सखुबाईनं चुलीकडं तोंड करून नाक मुरडलं. उपकार करायची खोड काही जात नव्हती.

मग पारुबाईच थकली. आधी पाय गेले, मग डोकं. माणसं ओळखेना. सखुबाई तिचं सगळं करायची, पण प्रेमानं वगैरे नाही. लोक तोंडात शेण घालतील म्हणून. धुवायची, पुसायची आणि तोंडाचा पट्टा चालूच ठेवायची.

एका दुपारी ती आंबील भरवत होती. पारुबाईनं तोंड मागं घेतलं.

“याडी, पोळतं.”

सखुबाईनं मागं वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

“मी सखी हाय. तुही सवत.”

“याडी, फुंकर घाल ना.”

सखुबाईनं वाटी आपल्या तोंडाजवळ आणली. साऱ्या जन्मात हा शब्द तिला कुणी आपणहून दिला नव्हता, आणि आता देणारी कोण, तर ही! तिनं फुंकर घातली.

त्यानंतर तिच्या तोंडाचा पट्टा थांबला. पण खोटं कशाला बोला, जळणं थांबलं नाही. ते आता दुसरीकडून सुरू झालं. संगिता माहेरी आली, वाटी मागायला लागली, तर सखुबाई म्हणाली, “तुह्या हातचं खात न्हाई ती.” हे साफ खोटं होतं, पारुबाई कुणाच्याही हातचं खायची. विकासनं पाय चेपायला घेतले तर त्याला उठवून दळण आणायला पिटाळलं. संगितानं पारुबाईचा हात हातात घेतला, तेव्हा म्हातारी भेदरून सखुबाईला म्हणाली, “याडी, ही बाई कोण हाय?” संगिता रडत बाहेर गेली. सखुबाईला गोड वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

पारुबाई पावसाळ्यात गेली. आसपासच्या तांड्यांवरून माणसं लोटली. गेलेल्या माणसालाही बायका नात्याची हाक मारून सुरात रडतात. संगिता याडी म्हणून रडली. तिच्यामागून कितीतरी लेकी-सुना याडी म्हणूनच रडल्या. मग बायकांनी सरकून सखुबाईला वाट दिली. धाकटी सवत थोरलीला ‘बाई’, म्हणजे बहीण, म्हणून रडते, तशी रीत आहे. जन्मभर जळलेली ही बाई तेवढं तरी म्हणते का, हे बघायला सगळ्या टपल्या होत्या.

सखुबाई उशाशी बसली. पारुबाईचे केस तिनं बोटांनी मागं सारले. तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं सूर लावला.

“माह्या पोरी,” ती रडली, “माह्या पोरी गं, आता तुही आंबील कोण निववंल?”

बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. संगिताला भडभडून आलं. तिनं पुढं होऊन पारुबाईच्या अंगावर हात ठेवला.

सखुबाईनं तो हात झटकून टाकला.

“दूर व्हय,” ती म्हणाली. “माही हाय ती.”