मुक्ताची पदवी आणि डॉक्टरांचा एक शब्द

कुवेतमध्ये वीसेक वर्षं बातमीदारी केल्यावर एक कळलं. आपल्या मराठी मंडळींच्या समारंभाची बातमी चार ओळींत संपते आणि उरलेलं सगळं बातमीदाराच्या पोटात साठत जातं. चार ओळींत प्रमुख पाहुणे आणि आभारप्रदर्शन बसतं, खरं काय घडलं ते बसत नाही. मुक्ताच्या ग्रॅज्युएशनच्या वीकेंडला तर इतकं साठलंय, की ते बाहेर काढल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

मुक्ता आमच्या महबूलाच्या बिल्डिंगमधली. वडील सदानंद मूळचे कुडाळचे, वफ्रामधल्या ग्रीनहाउसेसचं कूलिंग बघतात. आई शुभांगी आयसीयूत नर्स. मुलीच्या शाळेचं एकही गॅदरिंग शुभांगीला बघायला मिळालं नाही, दर वेळी ड्युटी. यंदा मुक्तानं बजावलं होतं, "ममा, धिस वन यू कान्ट मिस."

शुभांगीनं गाजावाजा न करता लिसी नावाच्या मलयाळी मैत्रिणीशी शुक्रवारची संध्याकाळ बदलून घेतली. प्रश्न मिटला.

पण मिटलेला प्रश्न आमच्या डॉक्टरांना बघवत नाही.

* * *

डॉक्टर म्हणजे शुभांगीच्याच हॉस्पिटलातले कन्सल्टंट, आमच्या मंडळाचे अध्यक्ष आणि जिथे माइक असेल तिथले वक्ते. त्यांनी सदानंदला लिफ्टमध्ये गाठलं. "शुभांगीच्या ड्युटीची काळजी सोडा. मी मेट्रनकडे एक शब्द टाकतो."

"नको डॉक्टर, अदलाबदल झालीय."

"तरी टाकतो. आपलं वजन आहे तिथे."

टाकला. आता नर्सेस ड्युट्या आपापसात बदलतात, आणि मेट्रन ते न दिसल्यासारखं करतात. त्यावरच हॉस्पिटलं चालतात. पण साक्षात कन्सल्टंटनं केबिनमध्ये येऊन सांगितल्यावर बाईंना दिसल्यासारखं करणं भाग पडलं. परस्पर केलेली अदलाबदल रद्द. शुभांगीची ड्युटी शुभांगीच्या गळ्यात.

"मी माझ्या परीनं प्रयत्न केला," डॉक्टर म्हणाले. हे मात्र अगदी खरं आहे.

* * *

कॉलेजनं प्रत्येक मुलाला दोनच पास दिले होते. एकावर सदानंद जाणार. दुसरा आईचा. तो वाया जाऊ नये म्हणून डॉक्टरांनी मोठ्या मनानं स्वतःकडे घेतला.

मी म्हटलं, "लिसीला द्या की. तुमच्या कृपेनं ती आता शुक्रवारी मोकळीच आहे."

"अहो, पण ती आपल्यातली नाही."

ज्या बाईनं आपली सुट्टी शुभांगीला देऊ केली ती आपल्यातली नाही, आणि ज्यांनी ती घालवली ते आपल्यातले. या हिशेबानं परक्यांत राहिलेलं बरं, असं मी तोंडावर सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पत्रकार मंडळी फार निगेटिव्ह."

* * *

मंडळानं पार्टी ठरवली. त्याच रात्री, आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या हॉलमध्ये. पार्टी म्हटल्यावर फ्लेक्स आलाच. देश सुटला, गाव सुटलं, फ्लेक्स काही सुटत नाही.

जलीबमधल्या दुकानातून फ्लेक्स छापून आला. मधोमध डॉक्टर, कोट घालून. भोवती कार्यकारिणी, हात जोडून. खाली 'शुभेच्छुक' म्हणून ज्यांनी मुक्ताला लिफ्टमध्येही कधी ओळख दिली नव्हती ते सगळे. मुक्ता उजव्या कोपऱ्यात, पासपोर्टवरच्या फोटोएवढी. दुकानदाराला ती चुकून राहिलेली जाहिरात वाटली असेल.

सदानंद बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ह्यात शुभांगी खंय आसा?"

सेक्रेटरी म्हणाले, "जागाच उरली नाही हो. आपण आभारात नाव घेऊ."

* * *

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही बिनपासवाले कॉलेजच्या गेटपर्यंत गेलो. आत कुवेती कुटुंबं फुलांचे मोठमोठे स्टँड आणि चॉकलेटची तबकं घेऊन चालली होती. आमच्याकडे वृंदावहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या सौभाग्यवती, आणि त्यांच्या हातात पंचारती. पोरीला गेटवर ओवाळायचं ठरलं होतं.

इजिप्शियन गार्डनं काडीपेटी बघितली आणि तो आडवा आला. "नो फायर, मॅडम. ममनूअ."

वहिनींनी त्याला पाच मिनिटं हिंदीत संस्कृती समजावली. तो ऐकत राहिला, काडीपेटी मात्र त्यानं खिशात घातली.

शेवटी सदानंदनं मोबाइलचा टॉर्च लावला आणि मोबाइल तबकात ठेवला. वहिनी ओवाळू लागल्या. तेवढ्यात त्याच मोबाइलवर शुभांगीचा व्हिडिओ कॉल आला, सदानंदनं पटकन बोट लावून घेतला. आयसीयूच्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उभी असलेली, मास्क हनुवटीखाली ओढलेली शुभांगी तबकातून लेकीभोवती फिरू लागली.

"अहो वहिनी, हळू," तबकातून आवाज आला, "मला चक्कर येतेय."

मुक्ता हसता हसता रडायला लागली. गार्डनं काडीपेटी परत दिली.

* * *

आता शुभांगीला निदान व्हिडिओ तरी मिळायला हवा होता. सदानंदकडे जबाबदारी होती. पण मुक्ताचं नाव पुकारल्यावर तो उभा राहिला आणि ढसाढसा रडला. त्याच्या मोबाइलमध्ये फक्त पुढच्या खुर्चीची पाठ आली.

डॉक्टरांनी मात्र पूर्ण शूटिंग केलं. सेल्फी कॅमेऱ्यानं. "नमस्कार, मी आत्ता उभा आहे..." इथपासून सुरुवात. मुक्ता स्टेजवर आली, पदवी घेतली, उतरली. हे सगळं डॉक्टरांच्या डाव्या कानामागे घडलं. हाच व्हिडिओ त्यांनी शुभांगीला पाठवला, वर अंगठा लावून.

* * *

समारंभ संपल्यावर सगळे महबूलाकडे निघाले. मुक्ता माझ्या गाडीत येऊन बसली. अंगावर गाऊन, डोक्यावर टोपी.

"काका, हॉस्पिटल."

"आणि हॉलवर केक?"

"तिकडे डॉक्टर अंकल आहेत ना. दे विल मॅनेज."

सदानंद मागच्या सीटवर आधीच बसला होता.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये शुभांगी ब्रेकमध्ये खाली आली. समोर डबा. लेकीला बघितलं, पण मिठी नाही, काही नाही. खुर्ची ओढून बसली.

"मला नीट दिसलं नाही," ती म्हणाली. "कानामागे होतीस तू. परत चाल."

"ममा, इथे?"

"इथेच. त्या चहाच्या मशीनपासून."

मुक्ता मशीनपाशी गेली. सदानंदनं घसा साफ केला आणि तिचं पूर्ण नाव पुकारलं. सगळं कँटीन वळलं. कोपऱ्यातल्या दोन अरब नर्सेसनी जीभ वाजवत लांबलचक हर्षाचा स्वर काढला. मुक्ता टेबलांमधून मान ताठ ठेवून चालत आली. शुभांगी उठून उभी राहिली, उजव्या हातानं तिच्याशी हस्तांदोलन केलं आणि डाव्या हातानं तिला डबा दिला.

"आता टोपी काढ आणि जेव."

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. डॉक्टर. पाठीमागे माइकची शिट्टी ऐकू येत होती. "अहो, आहात कुठे? इथे सगळे थांबलेत. मुख्य कार्यक्रम खोळंबलाय."

शुभांगीनं माझ्या हातातून मोबाइल घेतला.

"झाला, डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या."