साहेबांकडे मागितलेला फाग

अनुदान द्यायचं की नाही हे ठरवायला आलेल्या साहेबांची गाडी अडवून उलट त्यांच्याकडेच पैसे मागणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. बसंतीबाई. वय अठ्ठावन्न, बाभुळगावपासून आत एका तांड्यावर राहते, आणि आवाज असा की शेतातून हाक मारली तर रस्त्यावरची बस थांबते. त्या दिवशी त्या गाडीत साहेबांच्या शेजारी मीच बसले होते, हे आधीच कबूल करते.

मी उमेरा, यवतमाळची. बाभुळगावच्या एका छोट्या संस्थेत समुपदेशक आहे. आमच्याकडे तेवीस पोरं येतात, सगळी पंचविशीच्या आतली, सगळी दुखण्यावरच्या कॅप्सूलांच्या नादी लागलेली. अफूच्याच घराण्यातलं ते औषध. दर शनिवारी डॉक्टर येऊन तलफ आवरणाऱ्या, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या देतात आणि आठवडाभर मी पोरांचं डोकं खाते. हे सगळं अनुदानावर चालतं आणि मार्चअखेर ते संपत होतं. नवं मिळालं नाही तर डॉक्टर बंद, गोळ्या बंद, आणि पोरं पुन्हा कॅप्सूलवाल्याच्या दारात. माझी झोप उडाली होती.

त्या तेवीसांतला एक बसंतीबाईचा प्रेम. एकवीस वर्षांचा, राजूरकडे कोळशाच्या ट्रकवर क्लीनर होता. पाठ दुखते म्हणून कुणीतरी एक कॅप्सूल दिली, वर्षभरात दिवसाला दहा झाल्या. मागच्या होळीनंतर चारच दिवसांनी बसंतीबाईनं त्याला दंडाला धरून आमच्याकडे आणलं. उपचारातून घरच्यांना काय हवंय, असा एक रकाना आमच्या फॉर्मवर असतो. मी विचारलं, तर म्हणाली, "पोरी, याले पयल्यासारखा मार खाता आला पाह्यजे. बाकी मले काई नाई पाह्यजे."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, बाई जरा सरकलेली दिसते.

साहेबांचं नाव घनश्याम, येणार नागपूरहून. माणूस नियमाचा. अर्जदाराकडून चहासुद्धा घ्यायचा नाही आणि अर्जदाराला काही द्यायचंही नाही. त्यांनी तारीख दिली ती धुळवडीनंतरच्या तिसऱ्या दिवसाची. होळी आटोपलेली असेल, म्हणून मी निश्चिंत. बसंतीबाईला फोनवर बजावलं, "मावशी, साहेब मोठे आहेत. पाहुण्यांना घेता तसंच घ्या, काही कमी पडायला नको."

"तसंच घेतो नं बाई. कायले काळजी करून राह्यली?"

बंजाऱ्यांची होळी धुळवडीला संपत नाही, हे माझ्यासारख्या शहाणीला ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत तांड्यावर पाहुणा आला की बायका त्याला घेरून फाग मागतात, म्हणजे होळीची हक्काची भेट, आणि ती मिळाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, हेही नव्हतं.

गाडी वळणावर आली आणि वीसेक बायका रस्त्यात. आरशांचे घागरे, हातात काठ्या, गळ्यात गाणं. बसंतीबाईनं बॉनेटवर थाप मारली. साहेबांनी काच वर केली. मी धावत खाली उतरले.

"मावशी! अहो, आपण यांच्याकडे अनुदान मागतोय!"

"मंग? मांगूनच राह्यलो नं! तू महिनाभर कागदं लिहिले, आमी एका गाण्यात मांगतो."

साहेबांनी काच चार बोटं खाली केली. "नियमानुसार मला काहीही देता येत नाही."

"नका देऊ," बसंतीबाई म्हणाली. "मंग नाचा."

साहेबांनी मनातल्या मनात नियमावली चाळली असावी. नाचण्याबद्दल तिच्यात काही नव्हतं. ते उतरले, फाईल काखेत घट्ट धरली आणि नाचले. वाईट नाचले, पण मनापासून नाचले. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मला आनंदानं आणि भीतीनं एकदमच घाम फुटला.

तांड्यात पोचल्यावर कपाळावरचा गुलाल पुसत साहेब पुन्हा साहेब झाले. "सुधारणेचा पुरावा दाखवा." मी घाईघाईनं तक्ते काढले, पण तेवढ्यात समोर खेळ सुरू झाला. मधोमध रोवलेल्या खुंट्याला गोडाचं भांडं बांधलेलं, भोवती काठ्या घेऊन बायकांचा पहारा. जवान पोरांनी मार खात खात ते भांडं पळवायचं.

पहिलाच घुसला प्रेम. आणि पहिली काठी बसली ती त्याच्या आईची. फाडकन! मग दुसरी, तिसरी. साहेब ओरडले, "अहो थांबवा! तो तुमचा पेशंट आहे ना?"

कोण थांबवणार? प्रेमनं पाठीवर सात-आठ झेलल्या, भांडं उपसलं आणि खिदळत बाभळीकडे पळाला. त्याच्या मागे अख्खा तांडा.

बसंतीबाई धापा टाकत आमच्याकडे आली. साहेबांनी विचारलं, "पोटच्या पोराला इतकं मारता?"

"साहेब, मांगच्या होळीले हा बी खेळाले आलता. पाय लटपटत होते याचे. वीस बाया काठ्या घेऊन उभ्या, अन् एकीनंही मारलं नाई. सगळ्यायनं काठ्या खाली घेतल्या. लहान लेकराले देते तसं भांडं त्याच्या हातात देऊन देलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी मले वाटलं, माहा पोरगा गेला."

मला रडूच आलं. वर्षभर ज्या वाक्याला मी हसत होते, ते आत्ता कुठे मला कळलं. मी तक्त्यांच्या खालून प्रेमचा पहिला फॉर्म ओढून काढला आणि तो रकाना साहेबांसमोर धरला. त्यांनी दोनदा वाचला. मग पेन काढलं आणि त्याच्यापुढे लिहिलं, "अपेक्षा पूर्ण. समक्ष पाहिले."

मार्च संपायला चार दिवस असताना पत्र आलं. दोन वर्षांचं अनुदान मंजूर. प्रेमची गोळी अजून चालू होती, आणि आता ती चालू राहणार होती. मी नाचतच बसंतीबाईला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग पुढच्या होळीले बाकीचे बावीस घेऊन ये. काठ्या लय हायेत."