कणा कापताना थांबायचं नाही

लाकडी जहाजं बांधणाऱ्या ताना बेरूच्या किनाऱ्यावर कुणाचंही मशीन बिघडलं की ते साम्पाराच्या ताडपत्रीखाली यायचं, आणि मशीन घेऊन आलेल्या माणसाला आधी शिव्या खाव्या लागायच्या.

"हा खटका रबराने बांधून कुणी ठेवला? दाबून दाबून हात दुखतो म्हणून? अरे, हात राहिला तर दुखेल ना!"

इंजिन गरम असताना पेट्रोल ओतणारा, लुंगीचा सोगा लोंबता ठेवून चेन सॉ धरणारा, ग्राइंडरचं कव्हर काढून फेकणारा असा कुणी दिसला की साम्पाराचं डोकं फिरायचं. स्वतः तो चेनच्या दर दातावर कानशीचे तीनच हात मारायचा, चौथा नाही. नवी चेन तर आधी टाकाऊ लाकडावर चालवायची, गार करायची, पुन्हा ताणायची, मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची. नवी चेन तापली की सैल पडते, हे त्याने इतक्या वेळा ऐकवलं होतं की लोक दुरूनच म्हणायचे, "हो बाबा, कळलं."

या काटेकोरपणामागे नऊ वर्षांपूर्वीची एक सकाळ होती. जहाज बांधायला घेताना आधी कणा, म्हणजे तळाचं लांब मुख्य लाकूड, कापायचा विधी होतो. कण्याच्या टोकाचा तुकडा एकदा कापायला घेतला की मध्ये थांबायचं नाही, आणि तुकडा जमिनीला टेकू द्यायचा नाही. थांबलात तर ते जहाज भर समुद्रात अडतं, असं सगळा किनारा मानतो. त्या दिवशी साम्पाराचा धाकटा भाऊ बाडो कापत होता. निम्म्यावर तो ओरडला, "पुंगावा, चेन सैल झालीय, मशीन थांबवतो!" पुंगावा म्हणजे जहाज बांधणारा मुख्य कारागीर, मालेवा. तो गरजला, "थांबायचं नाही!" बाडो थांबला नाही. चेन तुटून उलटी आली आणि त्याच्या उजव्या हाताची चार बोटं घेऊन गेली.

बोटांचं दुःख साम्पाराने गिळलंही असतं. पण त्याच संध्याकाळी मालेवाने चारचौघांत सांगितलं, की बाडो मनात पाप घेऊन आला होता आणि कणा असल्यांना सोडत नाही. झालं! त्यानंतर बाडोला कुणी कण्याच्या आसपास उभं केलं नाही. लाकडात वाढलेला गडी डाव्या हाताने मासे भाजून विकायला लागला. साम्पारा मालेवाशी भांडला नाही, बोलणंही तोडलं नाही. तो दातओठ खात वाट बघत राहिला.

यंदा मालेवाचा नेहमीचा कापणारा कालिमांतानला कामाला निघून गेला. मकास्सरच्या जहाजमालकाने हट्टच धरला, की कापायला साम्पाराच हवा. मालेवाला नाक मुठीत धरून ताडपत्रीखाली यावं लागलं.

"साम्पारा, जुनं काही उगाळायचं नाही हं."

"छे हो, पुंगावा! जुनं कशाला? तुमच्यासाठी नवी कोरी चेन चढवतो."

मालेवा गेल्यावर साम्पाराची बायको हालिजा बाहेर आली. "अहो, त्याला हो म्हणालात?"

"म्हणालो."

"मग चेन चालवून घ्या की लाकडावर."

"ही नाही चालवायची."

"काय चाललंय तुमच्या मनात?"

"तीन शब्द. 'मशीन बंद कर.' सगळ्यांसमोर, त्याच्याच तोंडून. बास."

विधीच्या सकाळी किनारा माणसांनी भरला होता. चिकट भात, केळी, पांढरा कोंबडा, दुआ, सगळं रीतसर झालं. मालेवाने कण्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं. साम्पाराने सगळ्यांसमक्ष चेन बोटाने ओढून दाखवली. ताण अगदी बरोबर होता. जहाजमालकाने खूश होऊन मान हलवली.

लाकूड चिवट होतं. निम्म्यावर आवाज बदलला, आणि साम्पाराला न बघताच कळलं. चेन ज्या पट्टीवर फिरते तिच्याखाली ती लोंबायला लागली होती. दुसरा कुठला दिवस असता तर त्याचं बोट खटक्यावरून आपोआप सुटलं असतं. आज त्याने ते घट्ट दाबलं.

चेन मालेवाच्या बोटांपासून वीतभर लांब होती.

"साम्पारा, ती लोंबतेय!"

"काय म्हणालात? थांबायचं नाही ना, पुंगावा?"

"अरे, चेन बघ!"

"तुम्हीच शिकवलंत, थांबायचं नाही!"

चेन पट्टीवर फाडकन आपटली. मालेवाचा चेहरा पांढराफटक पडला. "मशीन बंद कर! बंद कर रे!"

साम्पाराने मशीन बंद केलं. लाटांचा आवाज ऐकू यायला लागला.

"ऐकलंत सगळ्यांनी?" त्याने वळून विचारलं. "आता गार होऊ दे. तापलेली चेन ताणली तर गार झाल्यावर आवळते. पुंगावा, तुम्ही तुकडा धरून ठेवा, जमिनीला टेकायला नको."

अर्धवट कापलेला तुकडा पडणार नव्हता, पण सोडायची मालेवाची हिंमत होईना. साम्पारा समोर मांडी घालून बसला आणि पानावरचा भात सावकाश खाऊ लागला. जन्मात त्याला कुठला भात इतका गोड लागला नव्हता.

"पुंगावा, माझ्या मनात पाप होतं, की चेन सैल झाली?"

"चेन... सैल झाली."

"आणि बाडोची?"

साम्पाराने आणखी एक घास घेतला.

"त्याचीही चेनच."

"मागे ऐकू जात नाही."

"बाडोची चेन सैल झाली होती!" मालेवा ओरडला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो सांगत होता. मीच थांबू दिलं नाही."

गर्दी बाजूला झाली. बाडो पुढे आला, नऊ वर्षांत पहिल्यांदा कण्यापाशी. त्याने मालेवाकडे बघितलंही नाही. मशीनजवळ उकिडवा बसून त्याने डाव्या हाताने चेन चाचपली.

"कोरी आहे. चालवून घेतली नव्हतीस."

"नाही."

"लोंबल्यावर किती वेळ चालवलीस?"

"तो ओरडेपर्यंत."

बाडोने आता मान वर केली आणि मालेवाच्या, टोक धरून ठेवलेल्या, दहाही बोटांकडे शांतपणे पाहिलं.

"अजून थोडी चालवायचीस, दादा," तो हळूच म्हणाला.

भावाला दटावायला साम्पाराने तोंड उघडलं, आणि हातातला घास पानावर परत ठेवला. खटका दाबून धरला होता तेव्हा त्याच्याही मनात नेमकं हेच आलं होतं.